बाबांचं बियाणं की दुकानातली पिशवी?

पत्राचा सारांश: नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड भागातल्या एका तरुण शेतकऱ्याचं पत्र आहे. नाव-गाव देत नाही. वय २९, डिप्लोमा झालेला, काही वर्षं बुटीबोरीला कंपनीत काम करून आता घरची आठ एकर शेती बघतात. त्यातली पाच एकर नाल्याला लागून काळी भारी जमीन, तीन एकर उंचावरची हलकी बरड. दोन खरीप सोयाबीननं मार दिला. पहिल्या वर्षी घरचं बियाणं मृगाच्या पहिल्या पावसावर पेरलं, अर्धंअधिक उगवलंच नाही, दुबार पेरणी झाली. दुसऱ्या वर्षी दुकानातून नव्या वाणाच्या पिशव्या उधारीवर आणल्या. उगवण छान झाली, पण शेंगा भरायच्या वेळी नाल्याकडून पीक पिवळं पडत गेलं. वरचं त्यातल्या त्यात बरं होतं. चार फवारण्या झाल्या, एकरी खर्च २२ हजारांवर गेला आणि सरासरी हाती आलं एकरी तीन क्विंटल. आता त्यांना आठही एकर मका लावायचा आहे. वडील म्हणतात सोयाबीनच, आणि तेही घरचं. वरच्या तुकड्यातलं तीन क्विंटल त्यांनी राखून ठेवलंय. घरात बोलणं जवळजवळ बंद आहे. "बाबांना कसं समजावू, की सगळं सोडून परत कंपनीत जाऊ?" असं ते विचारतात.

भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही वाटलं की प्रश्न मक्याचा आहे. दुसऱ्यांदा एका ओळीवर अडकलो. पीक नाल्याकडून पिवळं पडत गेलं आणि वरचं त्यातल्या त्यात बरं होतं, हे तुम्ही तक्रारीच्या भरात लिहून गेलात. सगळ्या पत्रात कामाची ओळ तीच आहे.

बियाणं दोन्हीकडे तेच. पेरणी एका दिवसाची, खत तेच, फवारणीही तीच. तरी एक तुकडा पिवळा आणि दुसरा बरा. वाणच खराब असता तर दोन्हीकडे खराब निघाला असता. उलट नेहमी बरडावरचं पीक आधी मान टाकतं आणि काळ्या जमिनीतलं तग धरतं. तुमच्याकडे भारी जमिनीनं आधी हात टेकले. म्हणजे तिथं मुळांना काहीतरी झालं, आणि ते पिशवीतून आलेलं नव्हतं.

"पिवळं पडलं" हे आपल्याकडे "ताप आला" म्हणण्यासारखं झालंय. ताप हिवतापाचाही असतो आणि उन्हाचाही, पण गोळी एक चालत नाही. वावरात पिवळं पान दिसलं की आपण मोबाइलवर फोटो काढतो, गटावर टाकतो, आणि तासाभरात चौदा जणांची चौदा औषधं येतात. झाड उपटून मूळ कोणी पाहत नाही. यंदा तुम्ही पाहा. काय पाहायचं ते सांगतो.

शेंड्याच्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे असतील आणि सुरुवातीला वावरात इथं एक झाड, तिथं एक झाड असं दिसत असेल, तर तो पिवळा मोझॅक. पांढरी माशी तो पसरवते. अशी पहिली झाडं उपटून गाडून टाकायची आणि माशीचा बंदोबस्त करायचा. रोग लागलेलं झाड कोणत्याही औषधानं बरं होत नाही. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या आणि पाणी धरणाऱ्या जमिनीत हे फार दिसतं, आणि पाणी निथळून वाफसा आला की बऱ्याचदा पान आपोआप हिरवं होतं. आपण मात्र त्याच आठवड्यात टॉनिक मारलेलं असतं आणि श्रेय टॉनिकला जातं. खोड उभं चिरल्यावर आत लालसर नागमोडी वाट दिसली तर खोडमाशी. देठावर किंवा खोडावर दोन गोल खाचा आणि त्यावरचा भाग सुकलेला, तर चक्रीभुंगा.

आता तुमच्या नाल्याकडच्या तुकड्याबद्दल. फुलोऱ्याच्या सुमारास तिथली चार-पाच झाडं खुरप्यानं मातीसकट काढा आणि मुळांवरच्या गाठी नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल निघाल्या तर गाठी जिवंत आहेत, झाडाला नत्र देताहेत. करड्या किंवा हिरवट निघाल्या तर काम थांबलंय. या गाठींना हवा लागते. तीन-चार दिवस पाणी साचून राहिलं की मूळ गुदमरतं, गाठी मरतात आणि झाड वरून पिवळं पडतं. नंतर पाऊस उघडून कडक ऊन पडलं, तर हीच अशक्त झाडं बुरशीच्या तावडीत सापडतात. बुंध्याजवळची साल खरवडून पाहा. आत कोळशाची भुकटी शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके असतील तर तो चारकोल रॉट, आपल्या भाषेत मूळकूज-खोडकूज. झाड वाळतं, पण पानं गळत नाहीत, तशीच लटकून राहतात.

२०२३ आठवतं का? देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट त्या वर्षीचा. पाठोपाठ सप्टेंबरात पाऊस आला, आणि २३ तारखेच्या पहाटे तर नागपुरात अंबाझरी तलावाचं पाणी लोकांच्या घरात शिरलं. शहरात फर्निचर गेलं त्याच्या बातम्या झाल्या. त्याच हंगामात विदर्भभर सोयाबीन बघता बघता पिवळं पडून वाळलं. कुठं मोझॅक होता, कुठं मूळकूज, कुठं दोन्ही. दुकानांत मात्र सगळ्यांना एकच पुडी मिळत होती.

तुमचं वावर मी पाहिलेलं नाही, पण पत्रावरून माझा कौल मुळांच्या बाजूनं आहे. तो बरोबर असेल तर तुमच्या चार फवारण्यांपैकी निदान दोन पाण्यात गेल्या. ज्याचं मूळ कुजलंय त्याच्या पानावर काय मारणार? आणि एका पंपात तीन-तीन औषधं कालवायची सवय असेल तर ती आजच सोडा. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरू नका.

मक्याकडे येऊ. मका वाईट पीक नाही. इथेनॉलमुळे त्याला मागणी आहे, तुमचं ऐकणं चूक नाही. पण तुम्ही तो नेमका कुठं लावणार? सोयाबीन जिथं पाण्यानं पिवळं पडलं त्या पाच एकरांत. साचलेलं पाणी मका सोयाबीनपेक्षाही कमी सोसतो. गुडघ्याएवढा असताना दोन दिवस पाणी राहिलं तरी तो बसतो. चारकोल रॉटची जी बुरशी सोयाबीन वाळवते, तीच मक्याचं खोडही कुजवते, म्हणजे पीक बदलून ती बुरशी चकत नाही. नत्र भरपूर लागतं, हेक्टरी १२० किलोच्या आसपास. २०१८ पासून आपल्या देशात आलेली अमेरिकन लष्करी अळी पोंग्यात बसते, तिच्यामागे पहिल्या महिन्यापासून लागावं लागतं. बियाणं संकरित, दरवर्षी विकतच घ्यावं लागणार, त्यातलं घरी राखता येत नाही.

आणि रानडुकरं! तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही याचं मला नवल वाटलं. उमरेड-कऱ्हांडलाचं अभयारण्य त्या भागात आहे. कणसात दूध भरलं की डुकरांना कोणी निमंत्रण द्यावं लागत नाही. आठ एकर मक्याला महिनाभर रात्रीची जागल कोण करणार? तुम्ही आणि बाबा बोलत नसताना एका मचाणावर कसे बसणार, हा वेगळाच प्रश्न.

मका करून पाहायचाच असेल तर वरच्या तीन एकरांतला, घराच्या जवळचा एक एकर घ्या. तिथं पाणी साचत नाही. एक हंगाम हिशेब ठेवा, पुढच्या वर्षी वाढवा किंवा सोडा. आठ एकर एका फटक्यात बदलणं म्हणजे दोन वर्षांचा राग एका पेरणीत काढणं आहे.

आता बियाण्याकडे. इथं मला थोडं हसू आलं, राग मानू नका. बाबांनी वरच्या तुकड्यातलं तीन क्विंटल राखलंय असं तुम्ही लिहिता. म्हणजे ते तुमच्याच गेल्या वर्षीच्या पिशवीचं पोर आहे! तुम्ही ज्याला 'बाबांचं बियाणं' म्हणता आणि बाबा ज्याला 'दुकानाचं फॅड' म्हणत होते, ते वाण एकच. सोयाबीनमध्ये परागीभवन फुलातल्या फुलात होतं, म्हणून सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं बियाणं दोन-तीन वर्षं घरचं वापरलं तरी वाण टिकतं. कायद्यानंही शेतकऱ्याला आपल्या पिकातलं बियाणं राखायचा, पेरायचा आणि ब्रँडच्या छापाशिवाय विकायचाही हक्क आहे. २००१ चा पीक वाण संरक्षण कायदा तेच सांगतो. शिवाय बाबांनी वरचा, निरोगी तुकडा निवडला. कोणी सांगितलं नसताना निवडला. हे मला त्यांचं शहाणपण वाटतं, आणि तुम्ही ते एका वाक्यात झटकून टाकलंत.

पण पहिल्या वर्षी घरचंच बियाणं उगवलं नाही, हेही खरंच. का उगवलं नाही? सोयाबीनच्या दाण्याची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आणि अंकुर सालीच्या अगदी आत टेकलेला. मळणीयंत्र जोरात फिरवलं की दाणा बाहेरून अख्खा दिसतो, आत मुका मार बसलेला असतो. खाण्या-विकण्याच्या मालाला त्यानं फरक पडत नाही, बियाण्याला पडतो. बियाण्यासाठी मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या वर जाऊ देऊ नये. यंत्रवाला घाईत असतो, तासाच्या हिशेबानं पैसे घेतो, त्याला हे रुचत नाही. त्याला दोन पैसे जास्त द्या, पण बियाण्याची गंजी सगळ्यात आधी, हळू काढून घ्या. दाण्यात १३-१४ टक्के ओल असताना मळणी आणि मग वाळवून १०-१२ टक्क्यांवर आणून साठवण, हा बेताचा हिशेब. टिनाच्या खोलीत, सिमेंटच्या फरशीवर, छपरापर्यंत पोत्यांची थप्पी लावली तर एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात बियाणं भाजून निघतं. खाली लाकडी फळ्या, थप्पी पाच-सहा पोत्यांपेक्षा उंच नको, आणि पोतं आपटायचं नाही. हमालाच्या खांद्यावरून धाडकन खाली पडलेलं पोतं मी बियाण्यात धरत नाही.

यंदाचं बियाणं कसं मळलं, कसं ठेवलं, हे आता बदलता येणार नाही. ते जिवंत आहे की नाही, हे मात्र सात दिवसांत कळतं. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ-मूठ घ्या, एकत्र करा, त्यातले न निवडता शंभर दाणे मोजा. न निवडता म्हणजे खरंच न निवडता. चांगले-चांगले वेचले तर परीक्षा बियाण्याची होत नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. असे तीन संच करा, सरासरी काढा. प्रमाणित बियाण्यालाही उगवण किमान ७० टक्केच लागते. सत्तर किंवा वर आली तर एकरी ३० किलो. साठ आली तर ३५. साठच्या खाली गेली तर ते नागपूरला कळमन्याच्या बाजारात न्या, वावरात नको. आणि काही भाग विकत घ्यावा लागलाच तर प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग बघून, पक्क्या बिलावर घ्या. टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करताना हेच कामी येतं. उधारीच्या पिशवीचं पक्कं बिल मिळत नाही, ही तिची खरी किंमत.

वाणाबद्दल फार बोलत नाही, कारण दरवर्षी कोणीतरी नवं नाव घेऊन येतो. एवढंच बघा की वाण किती दिवसांचं आहे. जेएस ३३५ जबलपूरहून १९९४ साली आलं, आपल्या दोन पिढ्या त्यावर जगल्या, आता ते थकलंय. जेएस २०-३४ लवकर, ८७-९० दिवसांत निघतं. अकोल्याच्या विद्यापीठाचं पीडीकेव्ही अंबा ९५ दिवसांच्या आसपासचं. राहुरीचं फुले संगम शंभरच्या वर जातं, भारी जमिनीत भरतं, पण त्यानंतरच्या चन्याला उशीर करतं. बरडावर कमी दिवसांचं वाण घ्या, हे नक्की.

पहिल्या वर्षीच्या दुबार पेरणीत बियाण्याइतकाच दोष घाईचा होता, असं मला वाटतं. मृग लागतो ७-८ जूनला. आपल्याकडे मान्सून साधारण जूनच्या मध्यावर येतो. मधल्या आठवड्यात पडतो तो वळवाचा पाऊस. त्यावर वखर फिरवावा, तिफण नाही. मीही एका वर्षी शेजाऱ्याची तिफण चालताना पाहून राहवलं नाही म्हणून ११ जूनला सहा एकर पेरून टाकलं, आणि मग अठरा दिवस आभाळाकडे बघत बसलो. शेजारी तरी सोबतीला होता, दोघंही बुडालो. तेव्हापासून अंगणात सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा ठेवतो, रोज सकाळी पट्टीनं मोजतो आणि भिंतीवर कोळशानं लिहितो. बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर, म्हणजे तीन-चार इंच झाली आणि वावरात वीतभर खोल ओल गेली, की पेरायचं. आधी नाही. गावात सगळ्यांचं झालं तरी नाही.

पेरणीआधी बियाण्याला औषध चोळायचा क्रम पक्का ठेवा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि अगदी शेवटी, पेरणीच्या तासभर आधी, रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) यांचं जिवाणू खत. उलट केलं तर औषध जिवाणूंना मारतं. कार्बोक्झिन आणि थायरम एकत्र असलेलं बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम, खोडमाशी नि पांढऱ्या माशीसाठी थायोमेथोक्झाम ३० एफएस किलोला १० मिली. ताडपत्रीवर हलक्या हातानं, हातमोजे घालून. चण्यासारखं रगडलं तर साल निघून जाते. दाणा ३-४ सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नका. ट्रॅक्टरवाल्याला हे पेरणी सुरू करताना सांगा, दोन तास, म्हणजे ओळी, काढून झाल्यावर खाली उतरून उकरून बघा. खताचं एकच सांगतो: सोयाबीनला गंधक लागतं आणि ते सिंगल सुपर फॉस्फेटमधून मिळतं, डीएपीतून नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. नाल्याकडचं पाणी. पाच एकरांतलं पाणी बाहेर जायला वाट नसेल, तर वाण, बियाणं, औषध सगळं बदलून पुढच्या वर्षी तुम्ही मला हेच पत्र लिहाल. आपली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते. फुगली की पाणी आत जात नाही, वरच थांबतं. उपाय जुनाच आहे आणि त्याला अनुदानाची वाट बघायची गरज नाही. रुंद वरंबा-सरीचं यंत्र भाड्यानं मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर सात दात्यांच्या पेरणीयंत्राचं मधलं एक नळकांडं बंद करून पेरा. पेरलेल्या दर सहा तासांनंतर (ओळींनंतर) एक तास मोकळं राहील. पीक पंधरा-वीस दिवसांचं झालं की डवऱ्याला, म्हणजे कोळप्याला, दोरी गुंडाळून त्या मोकळ्या तासात सरी काढा. जोराचा पाऊस आला तर सरी पाणी नाल्यापर्यंत नेते; पाऊस ताणला तर तिच्यातच जिरलेली ओल दोन्ही बाजूंच्या तासांना मिळते. सरीचा उतार नाल्याकडे हवा, आणि खाली धुऱ्याला, म्हणजे बांधाला, आडवी नाली काढून ती नाल्यात सोडलेली हवी. नाहीतर वावरातलं पाणी धुऱ्याजवळ तुंबतं आणि शेवटचा अर्धा एकर तसाच जातो. हे नालीचं काम आता मेमध्ये, जमीन कोरडी असताना करायचं.

बाबा म्हणतील, सातवं तास रिकामं सोडलं तर एकरात तेवढी जागा फुकट गेली. त्यांना गेल्या वर्षी नाल्याकडच्या वावरात जाऊन भरलेल्या शेंगांची झाडं मोजायला सांगितलं असतं तर किती जागा फुकट गेली ते दिसलं असतं. कडेच्या तासांना ऊन-वारा जास्त मिळतो, त्यांच्या शेंगा बहुतेक ही भर काढतात. पटत नसेल तर पाचपैकी तीन एकर सरीवर, दोन एकर त्यांच्या पद्धतीनं ठेवा. वेगळं मळा, वेगळं मोजा. नाल्याच्या अगदी काठचा, दरवर्षी बुडणारा पट्टा असेल तर तिथं मात्र तूर घालू नका, तिला साचलेलं पाणी सोयाबीनपेक्षाही जड जातं. तूर वरच्या बाजूला, चार ओळी सोयाबीनला दोन ओळी तूर, अशी घ्या. सोयाबीन गेलं तरी तूर डिसेंबर-जानेवारीत काहीतरी देऊन जाते.

हिशेबाबद्दल थोडं. एकरी २२ हजार हा आकडा तुम्ही एकजिनसी लिहिलाय. तो फोडा. नांगरणी-पेरणी किती, बियाणं किती, उधारीवर घेतलं म्हणून जास्त गेले ते किती, चार फवारण्यांचे किती, सोंगणी-मळणीचे किती. मला वाटतं, सोयाबीनचा खर्च आणि घाबरून केलेला खर्च वेगळे निघतील. दुसरं, तुम्ही फक्त खरीप मोजलाय. रब्बीत चना घेतलात की नाही, हे पत्रात कुठंच नाही! ९०-९५ दिवसांचं सोयाबीन जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलं तर सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला वावर मोकळं होतं, आणि त्याच ओलीवर चना पेरता येतो. भारी जमिनीचा खरा पैसा तिथं आहे. फक्त नाल्याकडे मूळकूज असेल तर सावध राहा: चण्याची कोरडी मूळकूज करणारी बुरशी तीच आहे. पाणी असेल तर त्या तुकड्यात एक-दोन रब्बी गहू घ्या, नसेल तर जवस. चन्याला तोपर्यंत वरचा तुकडा द्या, आणि त्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लावायला विसरू नका.

भाव आपल्या हातात नाही. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात कितीतरी शेतकऱ्यांनी त्याहून खूप खाली विकलं. खरेदी केंद्रावर माल १२ टक्के ओलीच्या अटीवर अडायचा. म्हणून खळ्यावरच दोन दिवस जास्त वाळवा, आणि ऑनलाइन नोंदणी वेळेत करा. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत सोयाबीन लागलेलं असल्याशिवाय तीही होत नाही.

कंपनीत परत जायचं का, याचं उत्तर मी देणार नाही. पण दोन हंगामांवरून शेतीला नापास करू नका, त्यातला एक हंगाम घाईनं गेला आणि एक पाण्यानं. नोकरी करायचीच असेल तर ती बाबांशी पटत नाही म्हणून नको. माती परीक्षणासाठी नागपुरात महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात किंवा वर्धा रोडवर कापूस संशोधन संस्थेच्या आवारातल्या कृषी विज्ञान केंद्रात जाल तेव्हा बाबांना गाडीवर मागे बसवा. नाल्याकडची आणि बरडाची माती वेगवेगळ्या पिशव्यांत न्या. तिथल्या माणसाशी बाबांनाच बोलू द्या. त्यांना त्या वावराची चाळीस वर्षं ठाऊक आहेत, कोणत्या साली पाणी कुठपर्यंत चढलं हे कोणत्याही नकाशात नसतं.

बाबांना समजावायचं कसं, असं तुम्ही विचारलंत. समजावू नका. उद्या सकाळी गोणपाट ओलं करा आणि शंभर दाणे मोजायला त्यांनाच बसवा. सातव्या दिवशी गुंडाळी दोघांनी मिळून उघडा. मोडकी, आखूड, बुरशी धरलेली रोपं 'उगवली' यात धरायची नाहीत. बाबा धरतील. तिथं मात्र भांडा.